टेनिसनचं 'इन मेमोरियम' : कविता कमी, तळटिपा जास्त

सांजवात (सोमवार, रात्री ११:२०)

मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात होता, आज मुलगा लवकर झोपलाय तर टाकूनच देते. विषय जरा जड आहे पण जड करून लिहिणार नाही, झालंच तर सांभाळून घ्या.

एमेला इंग्लिश होतं त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. टेनिसन, एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी, पेपरात होता. आमच्या सरांनी खुर्चीतून न उठता "टेनिसन हा व्हिक्टोरियन तडजोडीचा प्रातिनिधिक कवी होय" इथपासून नोट्स सांगितल्या, आम्ही उतरवून घेतल्या, 'इन मेमोरियममधील श्रद्धा आणि संशय' हा प्रश्न हमखास यायचा, तो आला, लिहिला, पास झाले. मूळ कविता १३१ भागांची आहे, वर सुरुवातीला आणि शेवटी एकेक जोड. त्यातले मी तेव्हा आठ भाग वाचले होते. खोटं कशाला बोलू.

तर मागच्या पावसाळ्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात ख्रिस्तोफर रिक्सने संपादित केलेल्या टेनिसनच्या कविता मिळाल्या, १९६९ ची आवृत्ती, उशाला घ्यावी एवढी जाड, कुणाच्या तरी नावाचा शिक्का खोडलेला. आणि घरी आणून मी कविता सोडून तळटिपाच वाचत सुटले. म्हणजे आधी वाटलं दोन मिनिटं बघू, आणि दीड वाजला.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्थर हॅलम हा टेनिसनचा केंब्रिजमधला जिवलग मित्र, टेनिसनच्या बहिणीशी, एमिलीशी, त्याचं लग्न ठरलेलं. १५ सप्टेंबर १८३३ ला व्हिएन्नात अचानक गेला. वय २२. टेनिसनने त्याच्यावर छोट्या छोट्या कविता लिहायला घेतल्या आणि हे सतरा वर्षं चालू राहिलं. १८५० मधे पुस्तक आलं, त्यावर कवीचं नावसुद्धा नव्हतं. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी तो राजकवी झाला, वर्ड्‌स्वर्थच्या जागी. आणखी एक गंमत, या कविता ज्या वहीत होत्या ती खाटकाच्या हिशेबाच्या चोपडीसारखी लांबुडकी वही तो लंडनच्या भाड्याच्या खोलीतल्या कपाटात विसरून आला होता, कॉव्हेंट्री पॅटमोरने जाऊन ती आणली. सतरा वर्षांचं दुःख आणि कपाटात विसरला!

आता मुद्दा. ९५ वा भाग. रात्र, बाग, बाकीचे सगळे झोपायला गेलेत आणि हा एकटा हॅलमची जुनी पत्रं वाचत बसलाय. वाचता वाचता एक क्षण असा येतो की मेलेला माणूस त्याला स्पर्श करतो. आधीच्या छापील आवृत्त्यांत ओळ अशी होती, 'हिज लिव्हिंग सोल वॉज फ्लॅश्ड ऑन माइन'. त्याचा जिवंत आत्मा. १८७२ मधे टेनिसनने 'हिज' काढून 'द' घातला, आणि पुढच्या ओळीतला 'हिज' पण काढला, तिथे 'धिस' आला. एवढंच. दोन शब्द. आणि या दोन शब्दांनी अख्खा प्रसंग बदलतो, कारण आता भेटला तो मित्र की देव की अजून काही, कळायला मार्ग नाही. स्वतः टेनिसनने नंतर सांगितलंय की 'कदाचित ईश्वर', पहिली ओळ त्याला टोचत होती, तिच्यातून चुकीचा समज होईल असं वाटायचं.

हे मला वीस वर्षांपूर्वी कुणीच सांगितलं नाही. श्रद्धा आणि संशय यांचं पुराण सांगितलं, पण ते दोन्ही ज्या शब्दात अडकलेत तो शब्द दाखवला नाही. म्हणून माझं मत असं झालंय की टेनिसनवर मोठमोठे निकाल देणारे समीक्षक आले आणि गेले, टिकलं ते या खोडाखोडी जुळवत बसणाऱ्यांचं काम. तुम्हाला काय वाटतं?

---

टवाळ_बोका (सोमवार, रात्री ११:५२)

पहिला! 

ताई, लिहिलंय छान पण एक प्रामाणिक शंका. एका 'हिज'वर एवढा काथ्याकूट? कवीने शब्द बदलला, त्याची मर्जी. मी पण ऑफिसचा ईमेल पाठवायच्या आधी चार वेळा बदलतो, माझ्यावर कोण पीएचडी करत नाही ते. कविता वाचावी, आवडली तर आवडली. समीक्षक हा प्राणी मला लग्नातल्या त्या काकांसारखा वाटतो जे जेवताना प्रत्येक पदार्थात काय कमी पडलं ते सांगतात.

आणि मी आत्ता नेटवर उघडून पाहिली ती कविता. सगळे भाग एकाच चालीत! यमक अबबअ, अबबअ. अब्बा म्हटल्यावर मला तो स्वीडिश बँडच आठवला. १३१ वेळा तीच चाल म्हणजे अंत आहे.

---

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ६:१०)

सांजवात, मी आयुष्यभर खुर्चीत बसून नोट्स सांगणाऱ्यांपैकीच एक, त्यामुळे पहिल्या परिच्छेदाने कान लाल झाले. पण शंभर मुलांच्या वर्गात पुस्तक चार जणांकडे, मग काय करणार. असो.

तुमचं म्हणणं अर्धं पटलं. निकाल देणारे आले आणि गेले हे खरं. त्यांची वरात बघण्यासारखी आहे. १८३३ मधे 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त क्रोकरने तरुण टेनिसनची अशी टर उडवली की पुढची जवळजवळ दहा वर्षं त्याने पुस्तकच काढलं नाही. मग १८५० नंतर एकदम ऋषी. प्रिन्स आल्बर्ट गेल्यावर राणीने सांत्वनासाठी हेच पुस्तक जवळ केलं. मग कवी वारला १८९२ ला आणि पुढच्या पिढीला तो आजोबांच्या दाढीसारखा वाटायला लागला. १९२३ मधे हॅरल्ड निकल्सनने त्यातून वाट काढली, म्हणाला ऋषी विसरा, आतला घाबरलेला, उदास माणूस बघा. १९४४ मधे कवी ऑडनने तर कळसच केला, कुठल्याही इंग्रजी कवीपेक्षा कान बहुधा सर्वांत तयार आणि डोकं निःसंशय सर्वांत मठ्ठ, असं प्रस्तावनेतच लिहून मोकळा. ज्याच्या कविता निवडतोय त्याच्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत!

पण सगळेच निकालवाले नव्हते हो. ए. सी. ब्रॅडलीने १९०१ मधे एकेक भाग घेऊन भाष्य लिहिलं, शेक्सपिअरवाला ब्रॅडली तोच. त्याने दाखवलं की कवितेत तीन नाताळ येतात, २८, ७८ आणि १०४ या भागांपाशी, आणि त्या तीन खांबांवर सगळा मांडव उभा आहे. लिहायला लागली सतरा वर्षं पण कवितेतला काळ साधारण तीन वर्षांचा. आणि लिहिण्याचा क्रम तर भलताच, ९ वा भाग, ज्यात हॅलमचं शव आणणाऱ्या जहाजाला तो विनवतोय, तो सगळ्यात आधीच्यांपैकी, ऑक्टोबर १८३३ चा. म्हणजे ही डायरी आहे खरी, पण पानं सुटी करून पुन्हा बांधलेली.

डायरी हा शब्द कवी टी. एस. एलियटचा. १९३६ चा निबंध. ही एका माणसाची डायरी आहे आणि तिचा शब्द न्‌ शब्द वाचावा लागतो, आणि ही कविता धार्मिक आहे ती तिच्यातल्या श्रद्धेच्या गुणामुळे नाही तर संशयाच्या गुणामुळे. आमच्या नोट्समधला 'श्रद्धा आणि संशय' तिथून गाळत गाळत खाली आलेला, येईपर्यंत पाणी झालं.

---

भूस्तर (मंगळवार, सकाळी ९:३५)

साहित्याचा विद्यार्थी नाही, दगडाचा आहे. पण या कवितेवर आमचाही थोडा हक्क आहे म्हणून घुसतो.

'नेचर, रेड इन टूथ अँड क्लॉ', हे वाक्य लोक सर्रास डार्विनच्या नावावर खपवतात, गाइडांत पण डार्विनवादाचा परिणाम वगैरे वाचलंय. अहो डार्विनचं 'ओरिजिन' १८५९ चं! कविता त्याआधी नऊ वर्षं छापून झाली. टेनिसनने वाचला होता भूवैज्ञानिक लायेल, 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी', तीन खंड, १८३० ते ३३. आणि १८४४ मधे निनावी आलेलं 'व्हेस्टिजेस' (ते रॉबर्ट चेंबर्सचं निघालं) त्याने मुद्दाम मागवून घेतलेलं.

लायेल काय म्हणतो, तर डोंगर एका दिवसात उभे राहिले नाहीत, आज जो पाऊस पडतोय, जी नदी वाहतेय तीच लाखो वर्षं हळूहळू सगळं झिजवतेय आणि रचतेय, आणि या सगळ्यात प्रजातीच्या प्रजाती संपून गेल्या. आता ५५ आणि ५६ लागोपाठ वाचा. ५५ मधे तो स्वतःची समजूत काढतो की निसर्ग एकट्या जिवाची पर्वा करत नाही पण 'टाइप'ची करतो. टाइप म्हणजे इथे प्रजाती. आणि ५६ उघडतो तोच ते शब्द अवतरणात घेऊन, 'सो केअरफुल ऑफ द टाइप? बट नो.' आपलंच कालचं वाक्य आज सकाळी खोडतो! कड्यातून आणि खाणीच्या दगडातून निसर्ग ओरडून सांगतो की हजार प्रजाती गेल्या, मला कशाचीच पर्वा नाही.

मी फील्डवर पोरांना घेऊन जातो तेव्हा जीवाश्म हातात दिला की पहिले दोन मिनिटं फोटो काढतात, मग एखादा गप्प होतो. तो गप्प होणारा म्हणजे ५६ वा भाग. म्हणून त्याला 'मठ्ठ' म्हणणारे ते जे कोण ऑडन, त्यांना आमचा निषेध कळवा.

---

राही_क (मंगळवार, दुपारी १:१५)

वाचतेय आणि राहवत नाहीये. व्हिक्टोरियन कवितेवरच संशोधन करतेय सध्या, त्यामुळे थोडं लांब होईल.

सांजवातताई, 'हिज' चा 'द' झाला त्याला फक्त देव जबाबदार नाहीये. १८५१ मधे 'टाइम्स'मधे जो रिव्ह्यू आला त्यात तक्रारच ही होती की मित्रासाठी ही कसली प्रियकराला शोभणारी भाषा, ओळी गोड आहेत पण कोणीही त्या बाईला उद्देशून आहेत असंच समजेल, आणि ही खोड शेक्सपिअरच्या सॉनेट्सपासून लागलीये. ही कविता एका सैनिकाच्या विधवेने लिहिली असणार असाही एका समीक्षकाचा समज झाल्याचं सांगतात, नाव नव्हतं ना पुस्तकावर. आणि कवितेत तो स्वतःला विधवा, विधुर, मागे राहिलेली मुलगी, सगळं म्हणवून घेतो.

१९८० च्या दशकात हा विषय पुन्हा उघडला. सिनफिल्डचं पुस्तक १९८६ चं, ख्रिस्तोफर क्राफ्टचा निबंध १९८८ चा, ज्याचं शीर्षकच ९३ व्या भागातल्या 'डिसेंड, अँड टच, अँड एंटर' या ओळीवरून घेतलंय. त्यांचा प्रश्न 'तो समलिंगी होता की नव्हता' असा चावडीवरचा नाहीये. प्रश्न असा की त्या काळी एका पुरुषाचं दुसऱ्या पुरुषावरचं एवढं प्रेम बोलायला भाषेत जागा कोणती होती, तर शोकाची. माणूस मेला की त्याचा हात हातात हवा असं उघड लिहिता येतं. जिवंत असताना नाही.

आणि पुरावा शोधायला जावं तर, टेनिसनने आर्थरला लिहिलेली पत्रं आर्थरच्या वडिलांनी नष्ट केली. चरित्र लिहिलं टेनिसनच्या मुलाने, १८९७ मधे, दोन खंड, म्हणजे घरचंच कात्री घेऊन बसलेलं. त्या मुलाचं नावही हॅलम! मग अभ्यासक दोन शब्दांवर काथ्याकूट करणार नाही तर काय करणार @बोका, दुसरं ठेवलंयच काय.

---

निवृत्त_मास्तर (मंगळवार, दुपारी ४:०२)

राही, मांडणी चांगली, पण तारखा बघ. टाइम्सवाला ओरडला १८५१ ला, 'हिज' गेला १८७२ ला. एकवीस वर्षं कवी गप्प बसला आणि मग घाबरला? मला वेगळं दिसतं. त्या सुमारास इंग्लंडात आत्मे बोलावण्याचं खूळ जोरात होतं, टेबलं हलतायत, खडखड ऐकू येतेय. 'त्याचा जिवंत आत्मा माझ्यावर चमकला' म्हणजे त्या लोकांच्या हातात आयतं कोलीत. टेनिसनला आपला अनुभव त्या बाजारात नेऊन बसवायचा नसेल. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

---

राही_क (मंगळवार, दुपारी ४:२०)

सर, अंदाज छान आहे पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. 'चुकीचा समज' हे त्याचेच शब्द. कसला समज ते त्याने सांगितलंच नाही ना.

---

सांजवात (मंगळवार, रात्री १०:४५)

बाई गं, एवढे प्रतिसाद. ऑफिसात अर्धवट वाचत होते, आता सगळे नीट वाचले.

मास्तर आणि राही, तुमचं भांडण वाचताना मी ती ओळ मराठीत करून पाहिली. 'त्याचा जिवंत आत्मा'. आता 'हिज' काढून 'द' घालायचा तर मराठीला 'द' कुठाय, मग झालं 'तो जिवंत आत्मा'. म्हणजे 'त्याचा' चा 'तो' झाला. नातं दाखवणारा 'चा' तेवढा खोडला गेला, माणूस मात्र सर्वनामात लपून राहिला! आपल्याकडे 'तो' म्हणजे मित्र पण आणि वर बोट दाखवून 'तो' म्हणजे देव पण. टेनिसनला जे साधायला बावीस वर्षं लागली ते मराठीत फुकट मिळतंय, फक्त मराठीत मग बदल झालाय हेच कळणार नाही.

@बोका, तळटिपांची महती सांगते, ऐक. टेनिसनच्या हस्तलिखितांचा मोठा साठा त्याच्या मुलाने १९२४ मधे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला दिला, पण अट घातली की कुणी उतरवून घ्यायचं नाही, छापायचं नाही, कधीच नाही. वहीसमोर बसा, बघा, आणि घरी जा. म्हणजे मंदिरात फोटो काढायला मनाई असते तसं. रिक्सने आयुष्याची एवढी वर्षं घालून १९६९ ची आवृत्ती केली ती ट्रिनिटीच्या कागदातला मजकूर न वापरता, आणि पुस्तक येतंय तेवढ्यात त्याच वर्षी बंदी उठली! तुझ्या ईमेलचं ड्राफ्ट असं गेलं असतं तर तू लॅपटॉप फेकला असतास. त्याने काय केलं, परत बसला, आणि १९८७ मधे तीन खंड काढले. मधल्या काळात सुझन शॅटो आणि मॅरियन शॉ यांनी १९८२ मधे फक्त 'इन मेमोरियम'ची स्वतंत्र आवृत्ती केली, वह्या ताडून बघत.

माझी रद्दीतली प्रत म्हणजे बंदीच्या आतली प्रत आहे हे मला हे सगळं वाचल्यावर कळलं. आता तिच्यावर जास्तच जीव जडलाय.

---

अनुष्टुभ (मंगळवार, रात्री ११:३०)

बोक्याने 'एकच चाल' म्हणून नाक मुरडलं म्हणून लिहितो. आपल्याकडे शोकासाठी चाल ठरलेलीच होती. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमती गेल्यावर अज रडतो तो वियोगिनी वृत्तात, आणि कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गात रती रडते तीही वियोगिनीतच. नवरा बायकोसाठी, बायको नवऱ्यासाठी, वृत्त एकच. शाळेत आम्हाला शास्त्रीबुवा चालीवर म्हणून दाखवायचे तेव्हा अर्थ कळायच्या आधी घसा दाटायचा. एकच चाल पुन्हा पुन्हा येणं हा शोकाचा दोष नाही, स्वभाव आहे. रडणारा माणूस नवीन चाल शोधत नाही.

टेनिसनला वाटायचं अबबअ ची ही छोटी कडवी आपणच शोधली. नंतर कळलं की बेन जॉन्सन आणि लॉर्ड हर्बर्ट यांनी आधीच वापरली होती. पण त्यांनी वापरली आणि याने तिच्यात घर केलं.

त्या कडव्याची गंमत बघा. पहिल्या ओळीचं यमक लगेच मिळत नाही. मधे दोन ओळी आपसात जुळून घेतात आणि पहिली ताटकळत राहते, चौथीपाशी ती परत येते पण तोवर आवाज जरा विरलेला असतो. पुढे जायला निघालेला माणूस उंबऱ्यातून मागे वळतो तसं. आणि हे सातशेहून अधिक वेळा.

---

सेव्हर्नकाठ (बुधवार, पहाटे ३:१०)

आमच्याकडे अजून रात्रच आहे. ब्रिस्टलला राहतो, आयटीवाला, धागा बायकोने दाखवला.

हॅलमला जिथे पुरलं ते क्लीव्हडन इथून गाडीने अर्धा पाऊण तास. सेंट अँड्र्यूजचं चर्च, गावाच्या टोकाला समुद्रावरच्या उंचवट्यावर, वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. आम्ही नुसते फिरायला म्हणून गेलो होतो, आत भिंतीवर संगमरवरी पाटी दिसली, नाव वाचलं, आणि मला कॉलेजातलं काही आठवेना. घरी येऊन शोधलं. ६७ व्या भागात तो कल्पना करतो की माझ्या खोलीत चांदणं पडलं की तिकडे त्या पाटीवरही पडत असेल, अक्षर अक्षर उजळत. कल्पनाच, कारण टेनिसन अंत्यविधीला गेला नव्हता. तो तिथे पहिल्यांदा गेला तो १८५० मधे, लग्न झाल्यावर बायकोबरोबर, म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर!

त्यामुळे चुका पण आहेत. १८ व्या भागात म्हणतो त्याच्या राखेतून आपल्या देशाचं व्हायलेटचं फूल उगवेल. प्रत्यक्षात पुरलंय चर्चच्या आत तळघरात, तिथे कसलं व्हायलेट. पण तिथे उभं राहिल्यावर मला ती चूक खटकली नाही, उलट बरं वाटलं. माहिती नसताना माणूस मित्रासाठी माती, गवत, फूल सगळं मनाने घालतोय.

अवांतर: १८९० मधे एडिसनच्या मेणाच्या नळीवर टेनिसनचा आवाज धरलाय, 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' म्हणतानाचा. यूट्यूबवर आहे. आवाज कमी आणि खरखर जास्त, पण तो म्हणतो ते वाचणं नाहीच, जवळजवळ मंत्र म्हटल्यासारखं आहे. अनुष्टुभ यांनी ऐकाच.

---

बंदरावरचा (बुधवार, सकाळी ८:४५)

सेव्हर्न नदीचं नाव निघालं म्हणून १९ वा भाग वाचला. मला इंग्रजी कवितेतलं काही कळत नाही पण हा मात्र एका वाचनात कळला, कारण आमचं घर खाडीवर.

तो म्हणतो सेव्हर्नला दिवसातून दोनदा भरती येते, खारं पाणी आत शिरतं आणि वाय नदीची अर्धी बडबड बंद करतं, डोंगरात शांतता होते. अगदी असंच असतं. ओहोटीला वरचं गोडं पाणी दगडांवरून खळखळत येत असतं, रात्री झोपताना ऐकू येतं, आणि भरती लागली की हळूहळू ते खळखळणं बुडतं. पाणी जास्त, आवाज कमी. बाहेरचा माणूस विचारतो नदी आटली काय.

आणि मग म्हणतो माझंही तसंच, दुःख काठोकाठ भरलं की मला बोलता येत नाही, ओसरलं की थोडं बोलता येतं. म्हणजे ज्या काय १३१ कविता आहेत त्या सगळ्या ओहोटीच्या. भरतीच्या वेळच्या कविता लिहिल्याच गेल्या नाहीत. बरोबर समजलो का मास्तर?

---

निवृत्त_मास्तर (बुधवार, सकाळी ९:२०)

बंदरावरचा, चाळीस वर्षं शिकवलं, हे मला सुचलं नव्हतं. खाडीवर राहायला हवं होतं.

---

पळसपान (बुधवार, दुपारी १२:३०)

चांगला धागा, वाचनखूण साठवली. एकच आठवण करून देतो की हाच हळवा कवी १८७९ मधे 'डिफेन्स ऑफ लखनौ' पण लिहितो, ज्यात सत्तावनचे आपले लोक म्हणजे नुसते हल्लेखोर, आणि वर युनियन जॅक फडकतोय. एका हॅलमसाठी सतरा वर्षं आणि तिकडच्या मेलेल्यांना एक कडवं नाही. समीक्षकांनी हे पण काढलंय बाहेर, ते राहू नये.

---

राही_क (बुधवार, दुपारी १:०५)

राहू नयेच. आणि १८९२ मधे, शेवटच्या वर्षात, तोच माणूस 'अकबर्स ड्रीम' लिहून अकबराला सर्वधर्मसमभावाचा नायक करतो. पण त्यातही शेवटी मोडलेलं मंदिर पुन्हा बांधायला येतात ते पश्चिमेकडचे परके, म्हणजे इंग्रजच. दोन्ही एकत्र वाचायला हवं. वेगळा धागा काढा, मी येते.

---

निवृत्त_मास्तर (बुधवार, दुपारी २:१५)

मराठीचा धागा कुणी ओढलाच नाही म्हणून एक ओळ. भा. रा. तांब्यांच्या नाट्यगीतांवर बोलताना आमचे समीक्षक ब्राउनिंगचं आणि टेनिसनचं नाव घेतात, ते वाचून मी एकदा तांबे आणि टेनिसन शेजारी ठेवून शिकवायचा प्रयत्न केला होता. तास भरला, मुलांना तांबे चालीसकट पाठ आणि टेनिसन अजिबात नाही, त्यामुळे तुलना कसली, मैफलच झाली.

---

सांजवात (बुधवार, रात्री ११:१०)

@बोका, तू गप्प आहेस म्हणजे एकतर चिडलायस नाहीतर वाचतोयस. तुझ्यासाठी फक्त ७ वा भाग, तीन कडवी, बारा ओळी, तेवढं कर.

तो पहाटे हॅलमच्या लंडनच्या घरासमोर, विंपोल स्ट्रीटवर, येऊन उभा राहतो. झोप येत नाही म्हणून चोरासारखा दारापर्यंत आलाय. शेवटचं कडवं सुरू होतं, 'ही इज नॉट हिअर. बट फार अवे'. इथे ओळ संपते. क्षणभर आपण काय वाचतो? तो इथे नाहीये, पण दूर कुठेतरी आहे. बायबल माहिती असलेल्यांना तर रिकाम्या थडग्यापाशी देवदूत म्हणतात तेच आठवतं, तो इथे नाही, तो उठला आहे. म्हणजे एक ओळभर आशा. आणि पुढची ओळ येते, 'द नॉइज ऑफ लाइफ बिगिन्स अगेन'. दूर आहे तो मित्र नाहीच, दूर आहे तो रस्त्यावरचा आवाज! आशा दिली आणि ओळ वळताना काढून घेतली.

मग शेवट, 'ऑन द बॉल्ड स्ट्रीट ब्रेक्स द ब्लँक डे'. मोठ्याने म्हणून बघ. सगळे एका ठोक्याचे शब्द, ब, ब, ब, जीभ अडखळते. पावसाची पिरपिर, टकल्या रस्त्यावर कोरा दिवस फुटतोय. आणि 'डे' हे यमक जाऊन मिळतं कुठे, तर 'अवे' ला, त्या फसव्या आशेला.

हे वाचून झालं की ११९ वाच. मी काही सांगत नाही.

---

टवाळ_बोका (गुरुवार, रात्री १:४०)

वाचलं. दोन्ही. मोठ्याने वाचलं, आई उठून बघून गेली काय झालं म्हणून.

११९ मधे तो परत त्याच रस्त्यावर, त्याच दारासमोर येतो. परत पहाटच. पण आता रस्त्याला कुरणाचा वास येतोय आणि कुठेतरी पक्षी आहे. ठीक आहे, बरं वाटायला लागलंय त्याला, हे कुणालाही कळेल.

पण मला हात दिसला. सातव्यात ज्या दारापाशी काळीज धडधडायचं ते त्या हाताची वाट बघत, आणि म्हणतो तो हात आता पुन्हा हातात घेता येणार नाही. आणि ११९ ची शेवटची ओळ परत हातावरच, की मनातल्या मनात, फारसा उसासा न टाकता, तुझ्या हाताचा दाब मी घेतो. नुसता हात नाही, दाब. शेकहँड करताना समोरचा जरा दाबतो ना, तो. मधे एकशे अकरा कविता गेल्या तो हात परत यायला.

हे कुणी समीक्षकाने आधीच लिहून ठेवलंय का? असेल तर सांगू नका.

---

सांजवात (गुरुवार, सकाळी ७:०५)

नाही सांगत.